पन्नास मायक्रॉनची चकाकी: वऱ्हाडच्या उन्हात गाडीचा रंग

अमरावतीत किंवा अकोल्यात आठ-दहा वर्षे उघड्यावर उभी राहिलेली एखादी काळी किंवा गडद निळी गाडी नीट पाहा. टप आणि बॉनेट निस्तेज झालेले असतात, कुठे कुठे पांढुरके पोपडे सुटलेले असतात. दारांचा वरचा पट्टा त्या मानाने बरा असतो. दाराचा खालचा भाग धुऊन पुसला, तर त्यात अजूनही समोरच्या माणसाचा चेहरा ओळखू येतो. रंग एकच, कारखाना एकच, वयही एकच. ऊन मात्र प्रत्येक भागावर वेगळे पडले.

गाडीच्या रंगाबद्दल आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक बाटलीबद्दल असते. कोणते पॉलिश, कोणते कोटिंग, किती वर्षांची हमी. खोल आणि टिकाऊ चकाकीचा प्रश्न त्या बाटलीच्या कितीतरी आधी सुरू होतो: पत्रा कसा घासला, घासताना कोणते पाणी वापरले, वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर, किती जाड बसला आणि तो पुरता वाळला का. बाटली सगळ्यात शेवटी येते आणि तिचा वाटा सगळ्यात लहान असतो. हे कुठेही खरे आहे, पण वऱ्हाडात जास्त खरे आहे, कारण रंगाच्या डब्यावरच्या सूचना ज्या हवेसाठी लिहिलेल्या असतात ती हवा आपल्याकडे वर्षातून फार थोडे दिवस असते.

आधी चकाकी म्हणजे काय ते पाहू. गाडीच्या पारदर्शक थरावर सरळ पडलेल्या प्रकाशापैकी साधारण चार टक्केच वरच्या पृष्ठभागावरून परततो. बाकीचा आत जातो. पांढऱ्या गाडीत हा आत गेलेला प्रकाश रंगकणांवर आपटून सगळीकडे विखरत बाहेर येतो आणि त्या चार टक्क्यांनी बनलेले प्रतिबिंब पुसून टाकतो. काळ्या गाडीत आतला प्रकाश शोषला जातो, त्यामुळे ते चार टक्के एकटेच डोळ्यापर्यंत येतात आणि बॉनेटमध्ये झाडाची फांदी न् फांदी दिसते. काळ्या रंगातली ‘खोली’ ती हीच. काळ्या गाडीवर बारीकसा ओरखडाही लपत नाही, त्याचे कारणही हेच.

वरचा पृष्ठभाग सपाट असेल तर प्रतिबिंब रेखीव येते. त्यावर बारीक उंचवटे राहिले असतील तर ते पाण्यातल्यासारखे हलते; या दोषाला जगभरच्या रंगकामात संत्र्याच्या सालीचे नाव आहे, आणि वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पृष्ठभागावर धुळीच्या ओरखड्यांची जाळी असेल तर प्रतिबिंबावर दुधट पडदा येतो. चकाकी मोजायला ग्लॉस मीटर असतो. ठरावीक गुणांकाच्या काळ्या काचेला १०० धरून बाकीचे पृष्ठभाग त्याच्याशी ताडले जातात, आणि नवी गाडी २० अंशांच्या कोनात नव्वदच्या आसपास भरते. पण हा आकडा उंचवटे नीट पकडत नाही. दोन दारांचे आकडे सारखे येऊनही एक दार खोल आणि दुसरे उथळ दिसू शकते. म्हणून जाणता पेंटर आकड्यावर विसंबत नाही. तो लांबलचक ट्यूबलाइट पॅनेलवर धरतो आणि तिच्या प्रतिबिंबाची कड सरळ आहे की दातेरी ते पाहतो.

गाडीच्या रंगाचा इतिहास एका बाजूने आपल्या शेतांपर्यंत येतो. विदर्भ हा जवसाचा जुना प्रदेश. जवसाच्या तेलातले निम्म्याहून अधिक मेदाम्ल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होणारे असते. म्हणून शतकानुशतके जगभरच्या बग्ग्या आणि पुढे पहिल्या मोटारी जवसाच्या तेलाच्या व्हार्निशने रंगवल्या गेल्या. थरावर थर, प्रत्येक थर वाळायला दिवसच्या दिवस, मध्ये घासणे. एक गाडी पूर्ण व्हायला काही आठवडे जात. चकाकी सुंदर असे, पण ती लवकर पिवळी पडे आणि तडकत असे. हेन्री फोर्डच्या मॉडेल टी गाड्या १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या मिळत. १९२० च्या दशकात ड्यूपाँट कंपनीने नायट्रोसेल्युलोजचे लॅकर आणले आणि १९२४ च्या ओकलंड गाड्या त्याच्या निळ्या रंगात रस्त्यावर आल्या. आठवड्यांचे काम तासांवर आले. त्या लॅकरचे नाव ड्युको, आणि आपल्या फर्निचरवाल्यांच्या तोंडी ते अजूनही आहे.

याच काळातल्या आणखी दोन गोष्टी प्रत्येक गॅरेजमध्ये आजही हाताशी असतात. थ्रीएम कंपनीने १९२१ मध्ये पाण्यात भिजवून वापरायचा पॉलिश पेपर बाजारात आणला. त्यामागे कोरड्या घासाईची धूळ कामगारांच्या छातीत जाते ही चिंता होती. १९२५ मध्ये त्याच कंपनीच्या रिचर्ड ड्रू या तरुणाने मास्किंग टेप तयार केली, कारण दोन रंगी गाड्या रंगवताना रंगाची कड फाटते हे त्याने एका गॅरेजमध्ये पाहिले होते. रंगकामातल्या मोठ्या सुधारणा घासणाऱ्या आणि झाकणाऱ्या हातांची अडचण पाहून झाल्या, हे मला महत्त्वाचे वाटते.

पुढचा टप्पा जर्मनीतला. १९३७ मध्ये ओटो बायर यांनी पॉलियुरेथेनचे रसायन शोधले, आणि त्यातून कालांतराने दोन भागांचा रंग आला: एका डब्यात रेझिन, दुसऱ्यात हार्डनर, मिसळले की दोघांची रासायनिक गाठ पडते आणि ती पुन्हा थिनरने सुटत नाही. १९८० च्या दशकात जगभरच्या मोटारींवर रंगाचा पातळ थर आणि त्यावर पारदर्शक क्लिअरकोट ही पद्धत रुळली. आपल्याकडच्या अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात रंग आणि चकाकी एकाच थरात असत. कापडावर रंग उतरेपर्यंत रबिंग केले की जुनी गाडी पुन्हा उजळे. आजच्या गाडीत ती सोय नाही. रंग खाली आहे, चकाकी वर आहे, आणि वरचा थर संपला की गाडी उजळत नाही, सोलते.

हा वरचा थर किती? कारखान्यातून आलेल्या गाडीवर पत्र्याला चिकटलेला, विजेच्या साह्याने बुडवून बसवलेला गंजरोधक थर साधारण २० मायक्रॉन, त्यावर प्रायमर ३०-३५, रंग १२ ते २०, आणि क्लिअर ३५ ते ५०. सगळे मिळून शंभर-सव्वाशे मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. म्हणजे चकाकी देणारा आणि सूर्यापासून वाचवणारा थर केसापेक्षा पातळ आहे. त्यात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये मिसळलेली असतात, आणि ती थरभर पसरलेली असतात. पॉलिशने वरचे मायक्रॉन काढले की त्यांच्यासोबत ही द्रव्येही जातात. क्लिअर ही मुदत ठेव धरली, तर प्रत्येक जोरदार रबिंग ही तिच्यातली उचल आहे आणि भरणा पुन्हा होत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आधी गाडीला मशीनने ‘फुल रबिंग-पॉलिश’ करून घेणाऱ्यांना हे सांगायला हवे. हलके पॉलिश एक-दोन मायक्रॉन काढते. खरखरीत कंपाउंड आणि लोकरी पॅड त्याहून कितीतरी अधिक.

कारखान्यात क्लिअर साधारण १४० अंशांच्या भट्टीत भाजला जातो. अपघातानंतर गॅरेजमध्ये दार किंवा बॉनेट रंगवले जाते तेव्हा ते शक्य नसते. वायर, रबर, प्लास्टिक सगळे गाडीवरच असते. म्हणून गॅरेजचा दोन भागांचा क्लिअर ६० अंशांवर अर्धा तास भाजण्यासाठी बनवलेला असतो, आणि भट्टी नसेल तर हवेवर. इथे एक गैरसमज आहे. मे महिन्यात वऱ्हाडात बॉनेटचा पत्रा उन्हात साठ अंशांच्या वर सहज जातो, मग ऊन हीच भट्टी का नको, असे अनेकांना वाटते. भट्टीत आधी काही मिनिटे थिनर उडू देतात, मग सगळा पॅनेल सावकाश आणि सारखा तापवतात, आणि आतली हवा गाळलेली असते. ताजा क्लिअर थेट उन्हात ठेवला तर वरची साय आधी धरते, खालचा थिनर अडकतो, आणि तो वर फुटून टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. काही वेळा छिद्रे पडत नाहीत, पण अडकलेला थिनर पुढचे काही आठवडे हळूहळू निघत राहतो, थर आक्रसतो आणि खालच्या पॉलिश पेपरच्या रेघा वर दिसू लागतात. गाडी ताब्यात घेताना लखलखीत आणि दीड महिन्याने निस्तेज, या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा इथे असते.

रंगाच्या माहितीपत्रकात काम करायचे तापमान २० ते २५ अंश धरलेले असते. एप्रिल-मेमध्ये अमरावती-अकोल्याचा पारा ४५ पर्यंत चढतो. त्या हवेत गनमधून निघालेला फवारा पत्र्यावर पोचेपर्यंत अर्धा कोरडा होतो; थेंब एकमेकांत मिसळत नाहीत आणि तीच संत्र्याची साल तयार होते. त्यावर उपाय आहेत आणि ते महागही नाहीत: सावकाश उडणारा थिनर, सावकाश धरणारा हार्डनर, आणि पहाटेचे काम. पावसाळ्यात अडचण उलटी. जुन्या एन.सी. (नायट्रोसेल्युलोज) रंगात थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि रंग पांढुरका होतो. दोन भागांच्या क्लिअरमध्ये ओलाव्याशी हार्डनरची क्रिया होऊन वायूचे बुडबुडे उठतात. कंप्रेसरच्या टाकीतले पाणी रोज काढले नाही तर तेच पाणी गनमधून पॅनेलवर येते. हिवाळ्यात, कापसाच्या हंगामात, जिनिंगच्या आसपासच्या हवेत रुईचे बारीक तंतू तरंगत असतात आणि ओला क्लिअर त्यांना धरून ठेवतो. बंद बूथ नसलेल्या गॅरेजने निदान जमिनीवर पाणी मारून, पडदे ओढून आणि पॅनेल चिकट फडक्याने पुसून काम करावे. वर्षभराचा हिशेब मांडला तर वऱ्हाडात उघड्यावर रंग मारायला सगळ्यात चांगले दिवस दसऱ्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंतचे आणि पुढे फेब्रुवारीचे. तातडी नसलेले काम त्या दिवसांत करून घ्यावे.

गन चालवणे दिसायला कौशल्याचे, पण चकाकीचा मोठा भाग घासाईत असतो. आधी लांबी (पुट्टी), तीही पातळ. पत्रा ठोकून शक्य तितका सरळ करायचा आणि लांबी फक्त उरलेली उणीव भरायला वापरायची. लांबी ८० नंबरच्या कागदाने आकारात आणायची, मग १८०, मग ३२०. प्रत्येक कागदाने आधीच्या कागदाच्या रेघा पूर्ण घालवायच्या. मग अस्तर (प्रायमर), आणि त्यावर ४००-६०० चा वॉटर पेपर, मेटॅलिक रंग असेल तर ८०० पर्यंत. कागद ठोकळ्यावर गुंडाळलेला हवा, कारण नुसत्या बोटांनी घासले तर बोटांच्या चार खाचा पॅनेलमध्ये उतरतात आणि काळ्या रंगात त्या लाटा होऊन दिसतात. अस्तरावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा मारून घासले, तर जिथे काळे शिल्लक राहील तिथे खड्डा आहे हे कळते. या सगळ्याला वेळ लागतो, आणि गॅरेजचा भाव पॅनेलवर ठरलेला असतो, तासांवर नाही. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला कमी मिळते ते बहुधा घासाईतच, कारण ती रंगाखाली झाकली जाते.

आणि इथे वऱ्हाडची खास गोष्ट येते. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे, साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा. इथल्या भूजलात क्षार इतके की ते पिण्याला आणि बऱ्याच पिकांना चालत नाही. शहरांना धरणांचे पाणी मिळते, अमरावतीला ऊर्ध्व वर्ध्याचे आणि अकोल्याला काटेपूर्णेचे, पण ते मोजके. गॅरेज आणि वॉशिंग सेंटर बोअरवर चालतात. आता वॉटर पेपरची बादली डोळ्यांसमोर आणा. बोअरच्या पाण्याने अस्तर घासले, फडक्याने पुसले, वाळले. पाणी उडाले, मीठ राहिले. त्यावर रंग आणि क्लिअर बसला. रंगाचा कुठलाही थर पाण्याच्या वाफेला पूर्ण अडवत नाही. पावसाळ्यात वाफ आत झिरपते, खालच्या क्षारांकडे ओढली जाते, तिथे थेंब साठतो आणि रंगाला फोड येतो. रसायनशास्त्रात हा प्रकार पक्का माहीत आहे. जहाजे आणि पूल रंगवणारे रंगापूर्वी पृष्ठभागावरचे क्षार मोजून घेतात. लांबी तर पाणी शोषून घेते, म्हणून तिला ओले घासणे कुठेच योग्य नाही, आणि खाऱ्या पाण्याने तर नाहीच. लांबी कोरडीच घासावी, आणि अस्तराची शेवटची धुलाई आरओच्या पाण्याने करावी. वीस लिटरचा कॅन आज अकोल्यात चहाच्या टपरीवरही असतो. पॅनेलच्या खर्चात ती रक्कम नगण्य आहे, आणि तिने वाचणारा फोड पुन्हा रंगवण्याइतका महाग.

हेच पाणी चकाकीला वरूनही खाते. बोअरच्या पाण्याने धुतलेली गाडी उन्हात सुकू दिली तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षारांचे गोल कडे उरते. सोडियमचे क्षार धुतले जातात, चुन्याचे कडे सौम्य आम्लाने निघते. पण तापलेल्या क्लिअरवर ते वारंवार बसले की पृष्ठभागच खचतो आणि मग पॉलिशशिवाय, म्हणजे मायक्रॉन खर्च केल्याशिवाय, ते जात नाही. पक्ष्यांची विष्ठा आणि कडुनिंबाखाली पडणारा चिकटा यांचेही तेच. सावलीसाठी गाडी झाडाखाली लावणे बरोबरच, पण डाग त्याच दिवशी ओल्या कापडाने भिजवून काढायला हवा. आणि कोरड्या फडक्याने सकाळी गाडी झटकायची सवय सोडावी. आपल्या रस्त्यांवरची धूळ म्हणजे काळ्या मातीची नुसती भुकटी नव्हे. तिच्यात मुरुमाचे, क्रशरच्या गिट्टीचे कण असतात, आणि काळ्या दगडातली खनिजे क्लिअरपेक्षा पुष्कळ कठीण आहेत. आधी पाण्याने धूळ सोडवायची, मग मऊ मायक्रोफायबर, एक बादली साबणाची आणि एक फडके खळबळायची. अकोल्यात नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा बादलीभर पाण्यात मिसळून वापरायची न खळबळायची धुलाईची द्रव्येही योग्य आहेत, कापड सतत बदलले तर.

रस्ता बदलला तसा रंगावरचा मारही बदलला. अमरावती-अकोला रस्ता कित्येक वर्षे खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध होता. जून २०२२ मध्ये याच राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटरचा सलग डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला. खड्डे गेले, वेग वाढला. शंभराच्या वर वेगात पुढच्या ट्रकच्या चाकातून उडालेली खडी बॉनेटच्या टोकाला आणि बंपरला लागते, आणि तिथे क्लिअर, रंग, अस्तर सगळे भेदून पत्रा उघडा पडतो. या माराला कोणतेही पॉलिश किंवा कोटिंग अडवत नाही. त्याचा एकच उपाय म्हणजे पारदर्शक पॉलियुरेथेनची फिल्म, जिला बाजारात पीपीएफ म्हणतात. ती दीडशे-दोनशे मायक्रॉन जाड असते, म्हणजे संपूर्ण कारखानी रंगाहून जाड, आणि उन्हाच्या उबेने तिच्यावरचे बारीक ओरखडे भरून येतात. सगळ्या गाडीला ती लावणे फार महाग. महामार्गावर रोज जाणाऱ्याने बॉनेटचा पुढचा पट्टा, बंपर आणि आरसे एवढ्याला लावली तरी पैसे सार्थकी लागतात.

बंपरचे दुखणे वेगळेच आहे. तो पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्या प्लास्टिकला रंग सहज धरत नाही. आधी खास प्लास्टिक प्रायमर लागतो, क्लिअरमध्ये लवचीकपणा लागतो, आणि साचा सुटा करणारे तेलकट द्रव्य धुऊन काढावे लागते. हे टाळले की वर्षभरात बंपरचा रंग पापुद्र्याने निघतो. बंपर कारखान्यातही वेगळ्या जागी, कमी तापमानात रंगवला जातो, त्यामुळे नव्या गाडीतही त्याची छटा कधी कधी किंचित वेगळी दिसते. तो दोष गॅरेजचा नसतो.

आता बाटल्या. कार्नोबा मेण ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून येते आणि ८२ ते ८६ अंशांना वितळते. सुंदर ऊब देते, विशेषतः गडद लाल आणि काळ्या रंगाला. पण मे महिन्याच्या दुपारी काळ्या बॉनेटचे तापमान सत्तरच्या पुढे जाते, आणि बाजारी मेणात मिसळलेली इतर मेणे त्याहून लवकर मऊ पडतात. वऱ्हाडी उन्हाळ्यात मेण काही आठवड्यांचे, एवढे धरून चालावे. मेण दसऱ्याला लावायचे. शोरूममध्ये वर्षानुवर्षे विकल्या गेलेल्या ‘टेफ्लॉन कोटिंग’वर माझा विश्वास नाही. खरे टेफ्लॉन तीनशेहून अधिक अंशांवर वितळते आणि तव्याला बसवायला तसलीच भट्टी लागते. गाडीवर हाताने चोळलेले द्रव्य म्हणजे साधे पॉलिमर सीलंट. त्याची किंमत त्या मानानेच द्यावी.

सिरॅमिक कोटिंग हे त्याहून निश्चित सरस आहे. सिलिकावर आधारलेले द्रव्य क्लिअरला धरून घट्ट होते, एखाद्या मायक्रॉनचा थर करते, पाणी आणि धूळ सुटायला मदत करते, आणि वर्ष-दोन वर्षे राहते. त्याबद्दल सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी मात्र खोडून काढायला हव्यात. ‘९ एच’ हा आकडा पेन्सिलच्या शिशाने ओरखडून घ्यायच्या चाचणीतला आहे, खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीतला नाही. मायक्रॉनभर थर खडीला अडवत नाही आणि धुळीच्या फडक्यालाही पुरता नाही. दुसरे, त्यावर पाण्याचे टपोरे थेंब थबकतात हे छायाचित्रात छान दिसते, पण खारपाणपट्ट्यात उन्हात वाळलेला टपोरा थेंब म्हणजे क्षाराचे दाट कडे. कोटिंग केलेली गाडी सावलीत धुऊन लगेच पुसलीच पाहिजे. आणि कोटिंगच्या आधी पृष्ठभाग पॉलिश करतात. तिथे किती मायक्रॉन जातात ते जाडी मोजण्याच्या यंत्रावर दाखवा, असे विचारायचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. हवेवर वाळलेल्या नव्या रंगावर पहिला महिनाभर तरी मेण, सीलंट, कोटिंग काहीही लावू नये. उरलेला थिनर निघायला वाट हवी.

ते जाडीचे यंत्र तसे लहानसे असते आणि जुनी गाडी घेताना फार कामाला येते. शंभर ते दीडशेचा आकडा कारखानी रंगाचा, दोनशे ते तीनशे पुन्हा रंगवल्याचा, आणि पाचशेच्या पुढे गेला की खाली लांबी आहे. यंत्र नसेल तर आणखी एक साधी परीक्षा आहे. झाकलेल्या कोपऱ्यात, दाराच्या आतल्या कडेला, थिनरचे फडके हलके घासावे. रंग विरघळून फडक्यावर आला तर काम एन.सी.चे आहे, पुरता धरलेला दोन भागांचा रंग विरघळत नाही. दोन भागांचे सांगून एन.सी. मारले गेले असेल तर ते इथे कळते, आणि एन.सी.ची चकाकी वऱ्हाडच्या दोन उन्हाळ्यांत उतरते.

एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या पाहण्यात येत नाही, पण तिच्याशिवाय हा आढावा अपुरा राहील. दोन भागांच्या क्लिअरचा हार्डनर आयसोसायनेट गटातला असतो. फवारताना त्याचे सूक्ष्म थेंब हवेत तरंगतात, आणि ते श्वासात गेले की काही माणसांना कायमचा दमा जडतो. एकदा शरीर त्याच्याविरुद्ध चेतले की पुढे अत्यल्प मात्रेनेही झटका येतो आणि त्या माणसाला हा धंदा सोडावा लागतो. नाकाला जाणवतो तो थिनरचा वास. हार्डनरची इजा वासाने कळत नाही. उन्हासाठी बांधतो तो दुपट्टा तोंडाला गुंडाळून क्लिअर मारणारे तरुण गॅरेजांमध्ये दिसतात. दुपट्टा त्या थेंबांना अडवत नाही. साधा कापडी मास्कही नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा हवा. तो नसेल तर किमान सेंद्रिय वाफ आणि कण दोन्ही गाळणारा, नीट बसणारा, काडतुसे वेळच्या वेळी बदललेला अर्धमुखवटा आणि हातमोजे. शेजारी उभे राहून कागद धरणाऱ्या पोरालाही तेच, कारण फवारा गन धरणाऱ्यापुरता थांबत नाही.

शिक्षणाची सोय नाही असे नाही. मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागातून रंगांचे तंत्रज्ञ घडत आले आहेत. अमरावतीपासून दीडशे किलोमीटरवर नागपुरात १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था उभी राहिली. आयटीआयच्या अभ्यासक्रमांत गाड्यांच्या रंगकामाचा एक वर्षाचा स्वतंत्र व्यवसाय आहे. तरी वऱ्हाडातला बहुतेक पेंटर उस्तादाच्या हाताखाली शिकतो, आणि उस्ताद एन.सी.च्या जमान्यात शिकलेला असतो, जेव्हा हार्डनर नव्हता. घासाईचे, हाताच्या अंदाजाचे, छटा जुळवण्याचे त्याचे ज्ञान आजही अनमोल आहे. हार्डनरच्या धोक्याचे आणि खाऱ्या पाण्याचे ज्ञान त्याच्याकडे कोणी पोचवलेच नाही. रंगकंपन्या या दोन शहरांत विक्रेत्यांमार्फत डबे पोचवतात, छटा जुळवायची यंत्रे बसवतात. त्यांनी प्रत्येक हार्डनरच्या डब्याबरोबर योग्य मुखवटा आणि मराठीत छापलेले माहितीपत्रक द्यावे, आणि त्यात ४५ अंशांना कोणता थिनर, कोणता हार्डनर, ते स्पष्ट लिहावे. गाडी रंगवायला देणाऱ्यानेही गॅरेज निवडताना छटेच्या पुस्तकाआधी भिंतीवर मुखवटा टांगलेला आहे का ते पाहावे, आणि असेल तर पॅनेलमागे मागितलेले चार पैसे जास्त द्यावेत.